हाडांच्या वाटेने येणारा ध्वनी

माणसाला ऐकू येते ते कानाने, याविषयी कोणालाही शंका वाटत नाही. परंतु कान हा शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांपुढे जो अवयव उभा राहतो, तो ऐकण्याच्या कामी केवळ प्रवेशद्वाराचे काम करतो. ऐकण्याची खरी क्रिया घडते ती तेथून बरीच आत, कवटीच्या अतिशय कठीण अशा हाडात दडलेल्या एका इवल्याशा नळीत. या नळीपर्यंत ध्वनी पोहोचण्याच्या वाटा दोन आहेत. एक हवेची आणि दुसरी हाडाची. पहिली वाट बंद झाली म्हणून दुसरीही बंद होतेच असे नाही. या एका गोष्टीवर अस्थिसंवहनी श्रवणरोपणाचे सारे शास्त्र उभे आहे.

ध्वनीच्या दोन वाटा

हवेतून आलेल्या ध्वनिलहरी कर्णनलिकेतून आत शिरतात आणि तिच्या टोकाशी असलेल्या कर्णपटलावर आदळतात. पटल कंप पावू लागते. त्याला चिकटलेली हातोडी, तिला जोडलेली ऐरण आणि ऐरणीला जोडलेली रिकीब ही तीन चिमुकली हाडे ते कंपन पुढे नेतात. रिकिबीचा तळ अंतर्कर्णाच्या एका लहानशा खिडकीत बसवलेला असतो. खिडकीपलीकडे गोगलगाईच्या शंखाप्रमाणे वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते. तिला कर्णावर्त असे म्हणतात. तिच्यातील द्रव हलला की आतील लवचीक पडद्यावर लाट उठते, त्यावरील केशपेशी वाकतात आणि श्रवणमज्जातंतूतून मेंदूकडे संदेश जाऊ लागतात.

मधल्या तीन हाडांची निसर्गाने एवढी खटपट का केली असावी, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर हवा आणि द्रव यांतील फरकात आहे. हवेतील ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर पडला, तर त्यातील जवळजवळ सर्व ऊर्जा परावर्तित होते, अगदी थोडी पाण्यात शिरते. नदीत बुडी मारलेल्या माणसाला काठावरच्यांचे बोलणे ऐकू येत नाही, ते यामुळेच. मध्यकर्ण ही तूट भरून काढतो. कर्णपटलाचा उपयुक्त भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर असतो, तर रिकिबीचा तळ जेमतेम ३ चौरस मिलिमीटर. मोठ्या पृष्ठभागावर गोळा केलेला जोर लहान पृष्ठभागावर एकवटतो. त्याला हाडांच्या तरफेचीही जोड मिळते. परिणामी दाब वीसपटींहून अधिक वाढतो. ही योजना पूर्णपणे निकामी झाली, तर माणसाची श्रवणक्षमता ६० डेसिबलपर्यंत घटू शकते. इतकी घट झाली म्हणजे समोरासमोर चाललेले साधे संभाषणही ऐकू येईनासे होते.

दुसऱ्या वाटेचा अनुभव प्रत्येकजण रोज घेत असतो, मात्र त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. दोन्ही कानांत बोटे घालून फुटाणे चावून पाहावेत. कान बंद असूनही तो आवाज कमी न होता उलट अधिकच मोठा वाटतो. ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज प्रथमच ऐकणाऱ्याला तो परक्याचा वाटतो, यामागेही हेच कारण आहे. बोलताना आपण आपला आवाज हवेतून ऐकतो, तसाच जबड्याच्या व कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. हाडातून येणाऱ्या भागात खालच्या स्वरांचे प्रमाण अधिक असते. ध्वनिमुद्रणात तो भाग नसतो. त्यामुळे आपलाच आवाज आपल्याला पातळ आणि अनोळखी वाटतो.

कवटी कंप पावू लागली म्हणजे कर्णावर्तात नेमके काय घडते? अनेक गोष्टी एकाच वेळी घडतात. कवटी हलते, पण तिच्यासह आतील द्रव त्याच क्षणी हलत नाही. जडत्वामुळे तो किंचित मागे राहतो. धावत्या बैलगाडीतील घागरीचे पाणी हिंदकळावे, तसाच हा प्रकार होय. मध्यकर्णातील हाडेही अशीच मागे राहतात आणि रिकीब खिडकीत मागेपुढे सरकते. याखेरीज कर्णावर्ताच्या भिंती अत्यल्प प्रमाणात दाबल्या जातात, आणि कर्णनलिकेच्या भिंतींतूनही थोडा ध्वनी पाझरतो. वाट कोणतीही असो, शेवटी हलतो तो त्याच पडद्यावरचा त्याच जागेचा भाग. जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९३२ साली हे मोठ्या कल्पकतेने दाखवून दिले. त्याने एकच स्वर हवेतून आणि हाडातून एकाच वेळी कानाला दिला आणि त्यांतील एकाची कला व तीव्रता अशी जुळवली की दोहोंनी परस्परांस नाहीसे केले. ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येईना. दोन्ही वाटा एकाच मुक्कामी पोहोचतात, याचा याहून बोलका पुरावा कोणता असणार? श्रवणविषयक संशोधनाबद्दल बेकेशीला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दातांनी ऐकण्याचे प्रयत्न

हाडातून ऐकू येते हे ज्ञान मात्र फार जुने आहे. इटलीतील गणिती व वैद्य जेरोलामो कार्दानो याने सोळाव्या शतकातच दातांत धरलेल्या दांड्यातून ध्वनी ऐकू येत असल्याचे लिहून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकात या ज्ञानाला रोगनिदानात स्थान मिळाले. अर्न्स्ट हाइनरिख वेबर याने १८३४ साली आणि हाइनरिख रिने याने १८५५ साली वर्णन केलेल्या नादकाट्याच्या चाचण्या आजही कानाच्या प्रत्येक दवाखान्यात केल्या जातात. कंप पावणारा नादकाटा प्रथम कानामागील हाडावर टेकवतात. तेथे आवाज ऐकू येईनासा झाला की काटा कानाच्या तोंडाशी धरतात. निरोगी कानाला तो पुन्हा ऐकू येतो, कारण हवेची वाट अधिक कार्यक्षम असते. हवेपेक्षा हाडातूनच अधिक ऐकू येत असेल, तर दोष बाह्यकर्णात वा मध्यकर्णात आहे आणि आतील कर्णावर्त शाबूत आहे, असे अनुमान काढता येते. चार-पाच मिनिटांच्या या साध्या परीक्षेने वहनदोषजन्य बधिरता आणि मज्जातंतुजन्य बधिरता यांतील भेद बऱ्याच अंशी उकलतो.

निदानाबरोबर उपायही शोधले जात होते. १८७९ साली शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्स याने पंख्याच्या आकाराच्या एका साधनाचे एकस्व मिळवले. पंख्याची वरची कड दातांना टेकवायची, म्हणजे हवेतील ध्वनीने पंखा कंप पावे आणि ते कंपन दातांवाटे कवटीत जाई. पुढे विजेवर चालणारे कंपक निघाले. पोलादी पट्टीच्या किंवा चष्म्याच्या काडीच्या साहाय्याने ते कानामागे दाबून बसवीत. अनेकांना त्यांचा उपयोग झाला, परंतु त्यांतील उणिवाही लवकरच ध्यानात आल्या. कंपक आणि हाड यांच्यामध्ये त्वचा व मांस असते. हा मऊ थर कंपने शोषून घेतो आणि त्यातही वरच्या स्वरांना अधिक मारतो. भाषेतील स, श, च, त ही व्यंजने ओळखू येतात ती मुख्यतः वरच्या स्वरांमुळे. तीच नाहीशी झाली तर आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. हा तोटा भरून काढण्यासाठी पट्टी अधिक घट्ट बांधावी, तर डोके दुखते आणि त्वचेवर व्रण पडतात. सैल करावी, तर कंपक सरकतो. लहान मुलांच्या बाबतीत तर हा त्रास अधिकच होई.

टायटॅनियम आणि हाड

या अडचणीतून वाट निघाली ती स्वीडनमध्ये, आणि तीही कानाशी सुतराम संबंध नसलेल्या एका प्रयोगातून. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे शास्त्रज्ञ १९५०च्या दशकाच्या आरंभी सशांच्या हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियम या धातूच्या बारीक दर्शन-नळ्या सशांच्या पायांच्या हाडांत बसवल्या होत्या. प्रयोग संपल्यावर त्या महागड्या नळ्या काढून घ्याव्यात म्हणून पाहतात, तो त्या निघेनात. हाड धातूला असे जडून गेले होते की दोहोंमध्ये मांसतंतूंचा थर उरलाच नव्हता. एरवी शरीर परक्या वस्तूभोवती मऊ आवरण तयार करून तिला वेगळी पाडते. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हवेत तत्काळ बनणाऱ्या ऑक्साइडच्या थरामुळे हाडाच्या पेशी त्याला परके मानीत नाहीत. या घटनेस ब्रोनेमार्क यांनी पुढे जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘अस्थिसंयोग’ असा होतो.

१९६५ साली गोथेनबर्ग येथे माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर कृत्रिम दात उभारण्यात आले. अशा दंतरोपणावर कंपक टेकवला असता रुग्णाला आवाज आश्चर्य वाटावे इतका मोठा ऐकू येतो, असे दिसून आले. मधला मऊ थर टळल्यामुळेच हे घडत होते. मग हा स्क्रू जबड्याऐवजी कानामागील हाडात बसवला तर? गोथेनबर्गचे कानाचे शल्यचिकित्सक आन्दर्स शेलस्ट्रम यांनी १९७७ साली पहिल्या तीन रुग्णांवर हा प्रयोग केला. त्याच शहरातील चाल्मर्स तंत्रविद्यापीठात बू होकान्सन यांनी या स्क्रूवर बसणारा कंपक विकसित केला. १९८७ साली हे उपकरण ‘बाहा’ या नावाने बाजारात आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वहनदोषासाठी त्याला १९९६ साली, तर एका कानाच्या पूर्ण बधिरतेसाठी २००२ साली मान्यता दिली.

उपकरणाची रचना

या उपकरणाचे मूळ स्वरूप समजण्यास सोपे आहे. कानाच्या मागे व किंचित वर, कवटीच्या हाडात ३ ते ४ मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. त्यावर त्वचेबाहेर येणारे एक आखूड बोंड असते. सूक्ष्मध्वनिग्राहक, ध्वनिवर्धक, कंपक आणि विद्युतघट ही सर्व सामग्री एका लहान डबीत असते आणि शर्टाच्या चाप-बटणाप्रमाणे ती डबी त्या बोंडावर बसते. आंघोळीच्या किंवा झोपेच्या वेळी ती काढून ठेवता येते.

शस्त्रक्रिया मोठी नसली, तरी ती जपून करावी लागते. छिद्र पाडताना हाड तापले, तर त्यातील पेशी मरतात. सुमारे ४७ अंश सेल्सियस तापमान मिनिटभर टिकले तरी तेवढे पुरते. म्हणून छिद्रक सावकाश फिरवतात आणि त्यावर सलाइनची धार सतत सोडतात. प्रौढांच्या बाबतीत हे काम बहुधा जागा बधिर करून एकाच बैठकीत उरकते. हाड धातूला जडेपर्यंत मात्र थांबावे लागते. पूर्वी हा काळ सुमारे तीन महिन्यांचा असे. स्क्रूच्या पृष्ठभागात सुधारणा झाल्यापासून तो काही आठवड्यांवर आला आहे.

सर्वात नाजूक प्रश्न होता त्वचेचा. धातूचा तुकडा जन्मभर त्वचेतून बाहेर डोकावत राहणार असेल, तर तेथे जंतूंना वाट मिळते. रोजची स्वच्छता राखूनही काहींची त्वचा लाल होते, ओलसर राहते किंवा बोंडावर वाढून त्याला झाकून टाकते. क्वचित डोक्याला मार लागून स्क्रू निखळतो. मुलांत असे प्रकार तुलनेने अधिक होतात. त्यामुळे त्वचा अखंड ठेवून काम साधण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांचा पहिला टप्पा लोहचुंबकाचा. त्वचेखाली एक चुंबक आणि बाहेरच्या डबीत दुसरा. १९८६ साली अमेरिकेत असे उपकरण निघाले. परंतु मऊ थरामुळे होणारा जुना तोटा येथे पुन्हा उभा राहिला आणि कमी शक्तीमुळे ते मागे पडले. पुढे सुधारलेली चुंबकीय उपकरणे आली, तरी त्वचेतून कंपन पाठवण्याची ही मर्यादा त्यांनाही चुकली नाही.

खरा तोडगा निघाला तो कंपकच त्वचेखाली नेऊन. बाहेरच्या डबीने ध्वनीचे विद्युतसंदेशात रूपांतर करायचे, तो संदेश वेटोळ्यातून बिनतारी मार्गाने आत पाठवायचा आणि हाडाला पक्का केलेल्या कंपकाने तेथेच कंपन निर्माण करायचे. त्वचेतून जातो तो विद्युतसंदेश. कंपन जात नाही. त्यामुळे त्वचा शाबूत राहते आणि वरचे स्वरही फारसे हरवत नाहीत. युरोपात २०१२ सालापासून उपलब्ध झालेले ‘बोनब्रिज’ हे या जातीचे उपकरण होय. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘ओसिया’ या उपकरणात विद्युतचुंबकाऐवजी दाबविद्युत स्फटिक वापरला आहे. सुटसुटीतपणाची किंमत येथेही मोजावी लागतेच. आतला कंपक बिघडला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. आणि आत चुंबक असल्याने चुंबकीय अनुस्पंदनाने डोक्याची प्रतिमा घेताना खबरदारी घ्यावी लागते व प्रतिमेचा काही भाग झाकोळतो.

उपयोग कोणाला, कोणाला नाही

या उपकरणाचा लाभ प्रामुख्याने तीन प्रकारच्या व्यक्तींना होतो. पहिला प्रकार जन्मतःच कर्णनलिका नसलेल्या मुलांचा. दर १० ते २० हजार जन्मांत साधारणतः एका बालकात हा दोष आढळतो. बहुधा तो एकाच बाजूला असतो. कर्णावर्त सहसा निरोगी असते, परंतु त्याच्याकडे जाणारी वाटच नसते. नेहमीचे श्रवणयंत्र बसवायला येथे जागाच नाही. दुसरा प्रकार कान वर्षानुवर्षे वाहणाऱ्या रुग्णांचा. श्रवणयंत्राचा साचा कानात बसवला, की हवा कोंडते आणि पू वाढतो. साचा काढावा, तर ऐकू येत नाही. हाडावाटे ऐकवणारे उपकरण या पेचातून सोडवते. तिसरा प्रकार एक कान पूर्णपणे निकामी झालेल्यांचा. कवटीतून कंपने फारशी क्षीण न होता पलीकडे जातात. त्यामुळे बधिर बाजूला टिपलेला ध्वनी चांगल्या कानाच्या कर्णावर्तापर्यंत पोहोचतो आणि मस्तकाच्या आडोशामुळे हरवणारे बोलणे ऐकू येऊ लागते.

या तिसऱ्या प्रकारात अपेक्षा मर्यादित ठेवणे हिताचे असते. मेलेला कान जिवंत होत नाही. ध्वनी कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन कानांतील फरकावरून ठरवतो. येथे ऐकणारा कान एकच असल्याने दिशा कळत नाही. गोंगाट बधिर बाजूला असेल, तर उपकरण तोच गोंगाट चांगल्या कानात आणून सोडते. सुदैवाने या उपचारात एक सोय अशी आहे, जी दुसऱ्या फारच थोड्या शस्त्रक्रियांत असेल. तीच डबी पट्टीवर बसवून रुग्णाला काही दिवस आधी वापरून पाहता येते, आणि मगच निर्णय घेता येतो.

कर्णावर्त आणि श्रवणमज्जातंतू यांची शक्ती फार घटली असेल, तर हे उपकरण निरुपयोगी ठरते. निरनिराळ्या उपकरणांच्या शक्तीनुसार हाडातून मोजलेली घट साधारणतः ४५ ते ६५ डेसिबलच्या आत असावी लागते. त्यापलीकडच्या तीव्र बधिरतेवर कर्णावर्त-रोपण हा उपाय आहे. ही दोन्ही रोपणे कानामागेच बसतात, त्यामुळे सामान्य लोकांची गल्लत होते. कर्णावर्त-रोपण निकामी केशपेशींचे काम स्वतःकडे घेते आणि मज्जातंतूला थेट विजेचे संदेश देते. अस्थिसंवहनी रोपण त्या केशपेशींनाच कामाला लावते, आणि म्हणून त्या सुस्थितीत असणे ही त्याची पहिली अट आहे.

बालकाचा काळ

लहान बालकाच्या बाबतीत सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. भाषा शिकण्याची मेंदूची सिद्धता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. दोन्ही कर्णनलिका नसलेल्या मुलाला त्या वर्षांत बोलणे ऐकू आले नाही, तर बुद्धी व कर्णावर्त दोन्ही उत्तम असूनही त्याची वाणी मागे पडते. दुसरीकडे, तान्ह्या मुलाची कवटी इतकी पातळ असते की तीत स्क्रू धरत नाही. अमेरिकेत त्वचेबाहेर येणाऱ्या रोपणासाठी किमान वय ५ वर्षे ठरवले आहे. पण याचा अर्थ पाच वर्षे वाट पाहावी असा मुळीच नाही. मऊ लवचीक पट्टीवर डबी बसवून ती बालकाच्या डोक्याला पहिल्या काही महिन्यांतच बांधता येते. तेवढ्याने भाषेची वाट खुली होते. ‘मूल मोठे झाले की शस्त्रक्रिया करू’ या आश्वासनावर विसंबून जे आईबाप पट्टीची चौकशीही करीत नाहीत, त्यांच्या मुलाची ती वर्षे परत येत नाहीत.

एकाच कानाने ऐकणाऱ्या मुलाकडे तर सहसा दुर्लक्षच होते. ते बोलते, हाकेला ओ देते. मग वर्गात मागे का पडते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या देशातील २०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातही बधिरतेची व्याख्या दोन्ही कानांतील घटीवर आधारलेली आहे. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असल्यास श्रवणमंद आणि ७० डेसिबल असल्यास बधिर, असे ती सांगते. एका कानाची बधिरता तीत बसत नाही. वर्गात चांगला कान शिक्षकाकडे येईल अशी जागा देणे, हा बिनखर्ची उपाय तरी प्रत्येक शाळेला करता येण्याजोगा आहे.

प्रतिबंध आणि मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणविषयक उपचारांची गरज आहे. त्यांतील बहुसंख्य लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावरील डबी या वस्तू महाग आहेत. त्यांच्यामागे विद्युतघट, दुरुस्ती आणि काही वर्षांनी नवी डबी हा खर्चही येतो. तेव्हा या साधनाची गरज पडणाऱ्यांची संख्या कमी करणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे. कान वाहणे हा रोग बहुतांशी टाळता येणारा व वेळीच बरा होणारा आहे. वाहत्या कानात लसणीचे कढवलेले तेल घालणे, काडीने किंवा हेअरपिनने कान कोरणे, ‘मूल मोठे झाले की आपोआप थांबेल’ म्हणून पू वाहू देणे, या सवयींनी वाहणारा कान कायमचा दुखावतो. छिद्र पडलेले कर्णपटल आणि झिजलेली हाडे यांची दुरुस्ती अनेकदा शस्त्रक्रियेने होऊ शकते. जेथे ती शक्य नसते वा फसते, तेथेच रोपणाचा विचार करावा.

हे सर्व ध्यानात घेऊनही एक गोष्ट उरतेच. बधिरता हा एकच एक दोष नाही. कानाच्या कोणत्या भागात बिघाड आहे, यावर उपाय अवलंबून असतो, आणि तो भाग शोधण्याची साधी साधने जवळजवळ दोनशे वर्षांपासून उपलब्ध आहेत. ज्या व्यक्तीला ‘हिला ऐकू येत नाही’ असे म्हणून घरच्यांनी सोडून दिले आहे, तिच्या कानामागील हाडावर कोणीतरी एकदा नादकाटा टेकवून पाहिला पाहिजे. आतले कर्णावर्त कदाचित शाबूत असेल.